कुठल्या चाकावर

रविवार कारंजाच्या बोळात माझं दुकान, सात बाय नऊ.
घासायची चाकं दोन: एक बाबांच्या वेळचं, बिडाचं,
एक सातपूरच्या लिलावातून आणलेलं.
तीस वर्षं काच घासतो मी
लोकांना सुईत दोरा ओवता यावा म्हणून.

परवा शटर ओढताना नाहिद म्हणाली,
अब्बा, तुमच्या धंद्यातल्या दीर्घिका असतात.
भिंगाकार.
मोबाइल पुढे केला तिने:
काळ्यावर फिकट पिवळा डाग,
मध्ये फुगीर, कडेला पातळ होत गेलेला,
प्लस सहाचं भिंग कडेवर उभं धरावं तसा.
हात नव्हते त्याला,
नव्या ताऱ्यांनी निळे झालेले, गोल वळणारे,
कॅलेंडरवरच्या चित्रात असतात तसे.
तबकडी आहे, पोट आहे, वायू सरलाय.
पाळणा हललेला नाही अब्जावधी वर्षं.

कुणी सरवला?
तेच शोधतेय, म्हणाली.

शनिवारी तिच्या दुर्बिणीचा तिवई-पाय खांद्यावर घेऊन
मोहाडीच्या अलीकडे, ढिकल्यांच्या बागेत गेलो.
द्राक्षं भरात आलेली, घड कागदात गुंडाळलेले.
ती म्हणाली, तिकडे कन्या राशीतही असाच एक घड आहे,
हजारांवर दीर्घिका, आणि मधल्या फटीत तापलेला वायू.
बाहेरची एखादी त्यात शिरली
की समोरून वारा लागतो.
द्वारका चौकातून स्कूटरवर जाताना ओढणी मागे उडते ना,
तसा तिचा वायू मागे निसटतो. तारे जड, ते राहतात.
वरून भर पडायची तीही थांबते;
नळाला पाणी नाही, पिंपातलं किती दिवस पुरवणार?
शिवाय येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के.
टक्कर नाही. नुसते खांदे.

मग तिने दुर्बीण दक्षिणेला वळवली.
तिथे आणखी एक. आजूबाजूला चिटपाखरू नाही.
हिला कोणी लुटलं?
कोणी नाही, अब्बा.
लहान शेजारणी गिळल्या असतील एकेक करून.
किंवा दोघी आदळून एक झाल्या,
हात त्या झटापटीत गेले, तबकडी मग सावकाश बसली.
किंवा काहीच झालं नाही, नुसती विझत आली.
अशा काहींत थोडा वायू अजून सापडतो,
आणि तो ताऱ्यांच्या उलट फिरतो.
म्हणजे घरचा नव्हे. मागून आलेला.

मी गप्प राहिलो.
माझा थोरला भाऊ हरसूलच्या जंगलचौकीत एकटा राहून अबोल झाला,
मी या बोळात, चौदा माणसांच्या घरात.
ईदला शेजारी बसलो की लोक म्हणतात,
दोघे अगदी सारखे.

भिंग तयार झाल्यावर नंबर तेवढा उरतो.
कुठल्या चाकावर घासलं, गिऱ्हाईक विचारत नाही.
पण ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं
तर बाबांच्या चाकाचे वळ मला दिसतात, डावीकडे जाणारे.
नाहिदला सांगितलं. ती हसली नाही.
आम्हीही तेच करतो, म्हणाली,
तोंडावरून कळत नाही, फिरण्यावरून कळतं.
घडातल्या बहुतेक अजून जुन्या शिस्तीत गरगरतात,
एकट्यांचे तारे जास्त सैरभैर.
बहुतेक, हां. सगळ्या नाही.

ढिकलेकाकू चहा घेऊन आल्या. काय दिसलं?
मसूर, मी म्हणालो.
भिंगाचं विलायती नाव मसुरावरूनच पडलंय, हे नाहिदनेच सांगितलेलं.
एवढ्या थंडीत मसूर बघायला आलात?
मग पदर सावरून त्यांनीही डोळा लावला,
पाच कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाला,
आणि म्हणाल्या, मला तर धूळ दिसते बाई.
फडक्याने काच पुसायला निघाल्या,
नाहिदने हात धरला.

सोमवारी टकल्यांचा चष्मा द्यायचा होता.
सवयीने भिंग तिरकं धरलं.
वळ दोन्हीकडे जात होते.
मधेच चाक बदललं असणार मी,
कधी, आठवेना.